परीक्षा मास्तरांची

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात, भाऊबीज आटोपून माझी भाची आमच्याकडे दोन दिवस राहायला आली. दरवर्षी येते तेव्हा तिच्या पिशवीत शंकरपाळ्यांचा डबा असतो. या वेळीही डबा होता, पण त्याच्याखाली तीन जाडजूड गाईडे होती. चहा झाल्यावर तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही बँकेत होता. मला शेकडेवारी आणि सरळव्याज शिकवा. जमलं तर थोडं इंग्रजीही. एक महिना आहे हातात."

तिची मुलगी बारावीत आहे. मला वाटले, तिच्यासाठीच हे चालले असेल. तसे विचारल्यावर भाची ओशाळून हसली. "तिच्यासाठी नाही हो. माझ्यासाठी."

भाची सत्तेचाळीस वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डी.एड. करून २००३ साली ती शिक्षण सेवक म्हणून लागली. महिना तीन हजार रुपये मानधनावर तीन वर्षे काढली, मग कायम झाली. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांचे पेपर तपासलेली ही बाई आता स्वतः पेपर द्यायला निघाली होती. आणि नापास झाली तर केवळ गुणपत्रिका नव्हे, नोकरीच जाणार होती.

कारण वाचकांना ठाऊक असेलच. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने एक निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे 'टीईटी', उत्तीर्ण व्हावे; नाही तर नोकरी सोडावी किंवा सक्तीची निवृत्ती घ्यावी. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना परीक्षेविना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण बढती मिळणार नाही. ज्या प्रकरणांत हा निकाल लागला त्यातले एक प्रमुख प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलेच होते.

शिक्षकांच्या संघटना रस्त्यावर आल्या, पुनर्विलोकनाचे अर्ज झाले. या निकालाचे पुढे जे व्हायचे ते होईल. मला बोलायचे आहे ते त्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाबद्दल. चांगला शिक्षक कोणाला म्हणायचे, हे देशाने ठरवावे का? ठरवले तर ते मोजायचे कसे? आणि मोजणाऱ्याने मोजमाप घेऊन उभे कुठे राहायचे, शाळेच्या फाटकात की वर्गात?

*

पहिली प्रतिक्रिया म्हणाल तर मला राग आला. बावीस वर्षांनी कसली पात्रता विचारता? नेमणूक दिली तेव्हा सरकारने तिची पात्रता तपासली नव्हती काय? पण राग ओसरला तसा एक जुना प्रसंग आठवला. तो आजवर मी कुठे लिहिलेला नाही.

१९९० नंतरची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. मे-जूनमध्ये सोनेतारण कर्जाला गर्दी व्हायची. एके दिवशी ओळखीचा एक शेतकरी पाटल्या, बोरमाळ आणि मोहनमाळ रुमालात बांधून घेऊन आला. सोबत बायको होती. तिच्या मनगटावर पाटल्यांचे पांढरे वळ स्पष्ट दिसत होते. "पोराचं मास्तरकीचं काम होतंय साहेब. संस्थेला द्यायचेत." शेतीसाठी कर्ज म्हटले की व्याजाचा दर कमी पडे. म्हणून उद्देशाच्या रकान्यात मी 'पेरणी व खते' असे लिहिले. पेरणी कसली होती हे त्याला ठाऊक होते, मला ठाऊक होते आणि सोने तोलणाऱ्या सराफालाही ठाऊक होते.

मुलाला ऑर्डर मिळाली. बाप दरवर्षी व्याज भरून कर्ज नवे करत राहिला. माझी बदली झाली तेव्हा दागिने बँकेच्या तिजोरीतच होते. पुढे तो मुलगा चांगला शिक्षक झाला की वाईट, मला माहीत नाही. त्याला निवडताना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. अशी कर्जे मी एकच नाही, बरीच दिली. बँकेचा एक पैसा बुडाला नाही, म्हणून तपासणीत माझ्यावर कधी शेराही आला नाही.

हे सांगायचे कारण एवढेच, की फाटकावर परीक्षा नको म्हणणाऱ्यांनी त्या काळी फाटकावर काय होते ते विसरू नये. फाटकावर पैसा उभा होता. डी.एड. महाविद्यालयेही अशीच गल्लोगल्ली निघाली. शेवटी महाराष्ट्रातल्या या महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २०११ साली माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला तेव्हा दिसले ते असे, की तपासलेल्या महाविद्यालयांपैकी मान्यतेच्या लायकीची फारच थोडी होती. शिक्षक घडवण्याचे कारखाने होते, माल मात्र तपासलेला नव्हता.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २३ व्या कलमाने शिक्षकाची किमान पात्रता देशभर एकच असावी असे ठरवले. ती पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने ठरवली आणि तीत टीईटी घातली. केंद्राची पहिली परीक्षा २०११ मध्ये झाली, महाराष्ट्राची २०१३ मध्ये. त्या अधिसूचनेत आधी लागलेल्या शिक्षकांना सूट होती. म्हणून माझ्या भाचीसारखे लाखो शिक्षक निश्चिंत होते. न्यायालयाने मात्र अधिसूचनेपेक्षा कायदा मोठा मानला. ज्यांच्याकडे किमान पात्रता नाही त्यांनी ती ठरावीक मुदतीत मिळवावी, असे कायद्याच्या त्याच कलमात आहे. ती मुदत २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवलीही गेली होती. वाचले कोणी नव्हते, एवढेच.

*

तर आमची शिकवणी सुरू झाली. पहिल्या पेपरात दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे, दीडशे गुण. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. उत्तर लिहायचे नाही. चार पर्यायांतला एक निवडून गोल काळा करायचा. शंभरात साठ मिळाले की पास, राखीव वर्गांना सवलत. ऐकायला सोपे वाटते. पण महाराष्ट्रात या परीक्षेचा निकाल पाच टक्क्यांच्या आतबाहेरच राहत आला आहे.

शेकडेवारी तिला लवकर जमली. दुसऱ्या दिवशी अपूर्णांक काढले. एक द्वितीयांश भागिले एक चतुर्थांश. तिने क्षणात उत्तर दिले, "दोन. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं." बरोबर. पुढचा प्रश्न घेणार तोच मला सहज वाटले आणि मी विचारले, "अगं, पण अर्ध्याला भागल्यावर उत्तर अर्ध्याहून मोठं कसं काय आलं?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मामा, हेच मला सहावीतल्या एका पोरानं विचारलं होतं. शिक्षक कमी, म्हणून सहावीचं गणित माझ्याकडं होतं. मी म्हटलं, नियमच आहे तसा, पाठ कर. आम्हालाही तसंच शिकवलं होतं."

मी तिला समजावून सांगायला गेलो आणि लक्षात आले, की मलाही सांगता येत नाही. पस्तीस वर्षे व्याज काढले, हप्ते बसवले, पण उलटा करून का गुणायचे हे मला कधी कोणी विचारले नव्हते, मीही विचारले नव्हते. आम्ही दोघे वहीकडे बघत बसलो. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अर्ध्या भाकरीचे चतकोर किती होतात, एवढंच विचारताय ना? दोन!"

भाचीचा चेहरा असा काही उजळला की सांगता येत नाही. एक द्वितीयांशाला एक चतुर्थांशाने भागायचे म्हणजे अर्ध्या भाकरीत चतकोर किती बसतात ते मोजायचे. अख्ख्या भाकरीत चार बसतात. म्हणजे पाऊण भाकरीत तीन, अर्धीत दोन. म्हणून चाराने गुणायचे. भागणारा तुकडा जितका लहान तितके तुकडे जास्त. ती म्हणाली, "एवढी प्रशिक्षणं केली, पाठ टाचणं काढली, फाईली भरल्या. चतकोर कुणी सांगितला नाही." आणि थोड्या वेळाने, "त्या पोराला आता कुठं शोधू?"

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. भाचीवर अन्याय होतो आहे असे मी धरून चाललो होतो. पण तिच्या शिकवण्यात एक भोक होते आणि ते बावीस वर्षे तसेच राहिले होते. त्याची किंमत त्या सहावीतल्या पोराने आणि त्याच्यासारख्या कितीकांनी मोजली असेल. म्हणजे शिक्षकांची कसोटी हवी, हे खरे. पण आता गंमत बघा. परीक्षेत हाच प्रश्न आला असता तर भाचीने उलटा करून गुणले असते, बरोबर गोल काळा केला असता आणि पूर्ण गुण मिळवले असते. ज्या भोकासाठी परीक्षा घ्यायची ते भोक परीक्षेला दिसलेच नसते.

*

दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरात मी तिच्या शाळेत गेलो. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या होत्या, गावाबाहेर कोप्या पडल्या होत्या. त्यातली सात-आठ मुले शाळेत बसली होती. बरीचशी तांड्यावरची, घरी गोरबोली बोलणारी. पहिलीतली एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ना बसे, ना बोले.

भाचीने टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली. दुकानदाराची खतावणी असते तशी. डाव्या बाजूला गोरबोली, उजव्या बाजूला मराठी. याडी म्हणजे आई. बाटी म्हणजे भाकरी. पहिल्या पानावर तारीख २०११ ची. दर हंगामाला येणाऱ्या मुलांना विचारून विचारून तिने ती भरत आणली होती. ती त्या मुलीजवळ गेली, उकिडवी बसली आणि तिच्या भाषेत तिच्या याडीबद्दल काहीतरी विचारले. मुलीने एकदम वर पाहिले. काय उत्तर दिले ते मला कळले नाही, पण पाच मिनिटांनी ती पाटी घेऊन बसली होती.

वहीच्या शेवटी गावांची नावे आणि तिथल्या शाळांचे फोन होते. मार्चच्या सुमारास टोळ्या परत निघतात तेव्हा भाची प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक चिठ्ठी घालते: या मुलाचे इथवर शिकवून झाले आहे, बेरीज हातच्याची येते, जोडाक्षरे अजून अडतात. "पोहोचतात का गं चिठ्ठ्या?" मी विचारले. "बऱ्याच हरवत असतील. पण एकदा जालन्याकडच्या एका गुरुजींचा फोन आला होता. म्हणाले, बाई, तुमची चिठ्ठी मिळाली, तिथून पुढं घेतो."

ही वही कुठल्याच दीडशे गुणांत बसत नाही. केंद्रप्रमुखांच्या भेटीच्या नोंदवहीतही तिचा उल्लेख नाही, कारण तिच्यासाठी रकाना नाही. पोषण आहाराच्या तांदळाला रकाना आहे.

म्हणजे असे झाले: जिथे ती उणी आहे ते परीक्षेला दिसत नाही, आणि जिथे ती सरस आहे तेही दिसत नाही. मग ही परीक्षा बघते तरी काय? ती एवढेच बघते, की दारात उभ्या असलेल्या नव्या माणसाकडे किमान भांडवल आहे की नाही. तेवढ्या कामाला ती योग्य आहे आणि आवश्यकही. बँकेत नवा माणूस घेताना आम्हीही परीक्षाच घेत होतो. पण वीस वर्षे शाखा चालवलेल्या अधिकाऱ्याचे काम बघायचे तर त्याला पुन्हा भरतीच्या परीक्षेला बसवत नाहीत. तपासनीस शाखेत येतो, खतावण्या उघडतो, कर्जदाराच्या गोठ्यात जाऊन म्हैस आहे की नाही ते बघतो.

आमच्याकडे सीएआयआयबी नावाची परीक्षा होती. दोन भाग. ती सक्तीची नव्हती. एकेक भाग उत्तीर्ण झाला की वेतनवाढ मिळे. लग्न झालेली, मुलेबाळे असलेली माणसे रात्री जागून तिचा अभ्यास करत. मीही केला. नापास झालो म्हणून कोणाची नोकरी गेली नाही; पास झालो म्हणून घरी पेढे आले. त्या अभ्यासात मी जे शिकलो ते धाकाने शिकलो नसतो.

*

शिक्षकांसाठी असे काही जगात झाले आहे का? झाले आहे. अमेरिकेत १९८७ साली शिक्षकांच्या व्यावसायिक मानकांसाठी एक राष्ट्रीय मंडळ निघाले. शिक्षक म्हणून काम करायला तिथे राज्याचा परवाना लागतो, तो वेगळा. हे मंडळ त्याच्या वरचे, ऐच्छिक. मंडळावर बहुसंख्य माणसे वर्गात शिकवणारी. त्यांनी चांगल्या शिक्षकाच्या कामाची पाच सूत्रे मांडली. त्यांचा मथितार्थ असा: मुलांशी बांधिलकी असावी, विषय यावा आणि तो शिकवताही यावा, मूल किती शिकले यावर नजर असावी, आपल्या कामाचा आपणच विचार करून त्यातून शिकावे, आणि इतर शिक्षक, पालक, गाव यांच्यासोबत काम करावे.

हे प्रमाणपत्र मिळवायला विषयज्ञानाची परीक्षा आहेच. पण तेवढ्यावर भागत नाही. शिक्षकाला आपल्या वर्गाचे चित्रीकरण पाठवावे लागते. मुलांच्या वह्यांतले नमुने पाठवावे लागतात. या मुलाला हे का जमले नाही, मग मी काय बदलले, त्याने काय फरक पडला, हे लिहावे लागते. आणि ते तपासणारेही शिक्षकच. आजवर एक लाख तीस हजारांहून अधिक शिक्षकांनी ते मिळवले आहे. दर पाच वर्षांनी ते ताजे करावे लागते. आपल्या टीईटीचे प्रमाणपत्र आधी सात वर्षे चाले. २०२१ मध्ये ते तहहयात केले गेले. एकदा गोल काळे केले की जन्माची ददात मिटली!

तिकडे सगळे आलबेल आहे असे नाही. फी कोणी भरायची यावर वाद आहेत, आणि प्रमाणपत्रवाले शिक्षक गरीब वस्तीच्या शाळांत कमी आढळतात ही तक्रार आहे. पण एक गोष्ट मला पटली. त्या मंडळाच्या फायलीत माझ्या भाचीची खतावणी बसली असती. आणि 'नियमच आहे तसा' हे उत्तर चित्रीकरणात पकडले गेले असते.

आपल्याकडे हा विचार झालाच नाही असेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके असावीत असे म्हटले आहे. शिक्षकाच्या कारकिर्दीच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर त्याला काय यायला हवे, त्याचे मूल्यमापन कसे व्हावे, आणि बढती-पगार केवळ सेवाज्येष्ठतेवर नव्हे तर त्या मूल्यमापनावर. अध्यापक शिक्षण परिषदेने त्यासाठी मार्गदर्शक दस्तऐवजही केला आहे. कागद चांगला आहे. परंतु भाचीच्या शाळेत पोहोचली ती मानके नव्हेत, गाईडे पोहोचली.

माझ्यासमोर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, वाचकांसमोरही राहिला असेल. वर्गात येऊन बघणार कोण? आपला अनुभव काय सांगतो? पूर्वी 'दिपोटी' यायचे तेव्हा मास्तर आठवडाभर आधी हुशार पोरांना पहिल्या रांगेत बसवून कविता घोकून घ्यायचे आणि संध्याकाळी साहेबांसाठी कोंबडी शिजायची. कागदी परीक्षेला निदान वशिला कळत नाही, असे कोणी म्हणेल. तर तेही आपण करून दाखवले. महाराष्ट्रातल्या २०१९ च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे पुढे पोलिसांच्या तपासात उघड झाले, वरिष्ठ अधिकारी पकडले गेले आणि २०२२ मध्ये सात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. ज्या फाटकावरून पैशाला हटवायला परीक्षा आणली त्याच फाटकावर पैसा पुन्हा येऊन उभा राहिला. पाटल्या कोणाच्या होत्या आणि कुठे गहाण पडल्या, ते त्या त्या गावच्या बँकेला विचारावे.

म्हणून मानकांची सुरुवात पगार-बढतीपासून करू नये, असे मला वाटते. तो हिशेब आला की कोंबडी आलीच. सुरुवात चतकोरापासून करावी. शेजारच्या गावातल्या दोन जाणत्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा वर्गात मागे बसावे, आणि मग चहा घेताना म्हणावे, बाई, तुमची ती वही आम्हाला द्या, आणि भागाकाराचं असं करून बघा. नव्यांसाठी दारातली परीक्षा कडक असावी, स्वच्छ असावी. जुन्यांसाठी वर्गातली कसोटी असावी, आधी सुधारायची संधी देणारी. जो संधी देऊनही शिकवत नाही, शाळेत फिरकत नाही, त्याला मग खुशाल घरी पाठवावे. त्याच्यासाठी मी मोर्चात येणार नाही.

आणि कसोटी एकतर्फी नसावी. शिक्षकाने पात्र असावे हे सांगणाऱ्या त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामे देऊ नयेत असेही आहे. ती पात्रता सरकारने केव्हा मिळवायची?

हे सगळे नवे आहे असे मात्र नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षक द्यावेत आणि अप्रशिक्षितांच्या जागी ते नेमावेत, अशी त्यांची मागणी होती. पण त्यात त्यांनी एक अपवाद घातला होता: जे अप्रशिक्षित असूनही पुरते कार्यक्षम आहेत त्यांना सोडून. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, असेही त्यांनी म्हटले. आणि चांगला माणूस हवा तर पगार चांगला द्या, बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी पंधरा-वीस द्या, हेही. पात्रता, काम बघून दिलेली सूट, मुलांच्या भाषेतला माणूस आणि सन्मानाचे वेतन, या चार गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या. त्यातली एकच उचलून आपण तिचे दीडशे प्रश्न केले.

*

२३ नोव्हेंबरला, रविवारी, परीक्षा झाली. भाचीला केंद्रावर मीच सोडायला गेलो. फाटकाबाहेर नेहमी आईबाप उभे असतात आणि आत मुले. त्या दिवशी उलटे होते. कॉलेजातली मुले-मुली हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन आयांची वाट बघत उभी होती. एक पन्नाशीचे गुरुजी आत जाताना मुलाला म्हणाले, "जा रे तू घरी, इथं थांबू नकोस," आणि मुलगा हलला नाही. आपल्या शिक्षकाला आत जाताना पाहून एक शाळकरी पोरगा ओरडला, "ऑल द बेस्ट सर!" सर हसले, पण ते हसू काही खरे नव्हते.

दुपारी एकला भाची बाहेर आली. शाईने बोट काळे झाले होते. रसवंतीत बसलो. पेपर कसा गेला हे मी विचारले नाही, तिनेच सांगितले. मानसशास्त्र बरे गेले, इंग्रजीत अडले. रस पिऊन होईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "मामा, अपूर्णांकाचा भागाकार आला होता."

"मग? चतकोर आठवला ना?"

"चतकोराची गरजच पडली नाही. उलटा केला, गुणला, गोल काळा केला." तिने ग्लास खाली ठेवला. "उद्या सहावीला घेते आता. भाकरी डब्यातच असते माझ्या."